जाळीबाहेरची खाट

जोतीराम चौगुल्याचं तोंड आणि हात बरोबरीनं चालायचे. संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशी ओळीनं उभ्या असायच्या, गिऱ्हाइकं ग्लासासाठी खोळंबलेली असायची, आणि जोतीराम चंद्रीच्या कासेशी उकिडवा बसून धार काढता काढता अख्ख्या कोल्हापूरचा समाचार घ्यायचा. कुठल्या पेठेची फुटबॉलची टीम कशी हरली, कुणाच्या वरातीत कोण रुसलं, कुणाच्या दारातला खड्डा यंदा दहावीला बसणार, सगळं त्याला ठाऊक. एखाद्या नवख्यानं ग्लासात फेसच फार आहे अशी कुरकुर केली, तर मान वर न करता म्हणायचा, "पावणं, पैसं दुधाचं. फेस आमच्याकडनं फुकट हाय की!" आणि मग स्वतःच असा हसायचा की मिशा डोळ्यांना भिडायच्या. दुधाइतकीच माणसं त्या हसण्यासाठी यायची, असं त्याची बायको संयोगिता सांगायची. बायकोनं नवऱ्याबद्दल इतकं बरं बोलणं ही आपल्याकडं रोजची गोष्ट नव्हे, तेव्हा ते खरं मानायला हरकत नाही.

घर नदीपलीकडं. शिवाजी पूल ओलांडला की उसाचे फड लागतात आणि सखल भागात, जिथं पुराचं पाणी रेंगाळतं, तिथं भाताची खाचरं. चौगुल्यांचं घर त्या खाचरांच्या कडेलाच. रान थोडकं, दोन भावांचं त्यावर भागणारं नव्हतं. धाकटा धैर्यशील फाउंड्रीत कामाला लागला आणि थोरल्या जोतीरामनं गोठा वाढवला. दावणीला तीन म्हशी. सकाळचं दूध डेअरीला जायचं. संध्याकाळी तो चंद्रीला घेऊन पूल ओलांडून कट्ट्यावर जायचा. एकुलती एक पोरगी अनुजा, ती गगनबावड्याला दिलेली. माणूस सुखी होता, आणि आपण सुखी आहोत हे त्याला कळतही होतं. असं दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला क्वचितच येतं.

त्याची हाक हा गावात बोलण्याचा विषय होता. ती लिहून दाखवता येणार नाही. पोटातून निघायची, घशात वळण घ्यायची आणि शेवटाला उंच जायची. ती कानावर पडली की चंद्री रानात कुठंही असली तरी मान वर करायची. आणि दिवाळीच्या पाडव्याला या हाकेची परीक्षा असायची. त्या दिवशी कोल्हापुरात म्हशींचा मान असतो. त्यांना नदीवर धुतात, शिंगं रंगवतात, मोरपिसं बांधतात, गळ्यात कवड्यांच्या माळा घालतात, अंगावरचे केस कातरून नक्षी काढतात. मग मालक सायलेन्सर काढलेली मोटारसायकल कानठळ्या बसेपर्यंत रेटत पुढं निघतो आणि म्हशीनं त्या गर्दीतून, त्या धुरातून, आपल्या मालकाची हाक तेवढी ओळखून त्याच्यामागं पळायचं. दावं नाही, वेसण नाही, काही नाही. ज्याची म्हैस पळाली त्याची मान वर्षभर ताठ. चंद्री कधी चुकली नव्हती. पाडव्यानंतर जोतीराम कट्ट्यावर जरा जास्तच बोलायचा, आणि लोक त्याला बोलू द्यायचे.

त्या वर्षी पूर आला. म्हशी उंचावरच्या शाळेत नेऊन बांधाव्या लागल्या. पूर ओसरला, पण जागोजागी पाणी ठेवून गेला, आणि भाद्रपदात डासांनी उच्छाद मांडला. चंद्री नुकतीच व्यायलेली. डास चावून चावून ती सारखी शेपटी आपटायची, पाय झाडायची आणि धारेला बसलं की दूध चोरायची. जोतीरामला ते बघवेना. त्यानं शहरातून बारीक जाळीचा गठ्ठाच उचलून आणला आणि धैर्यशीलला हाताशी घेऊन सबंध गोठा चारी बाजूंनी जाळीनं बंद केला. दारालासुद्धा जाळीचा पडदा. काम इतकं सुबक झालं की गावातली माणसं बघायला आली. म्हशींचं लॉजिंग-बोर्डिंग म्हणून कुणीतरी त्याचं बारसंही केलं.

जोतीराम स्वतः गोठ्याच्या दाराबाहेर लोखंडी खाटेवर झोपायचा, व्यायलेल्या म्हशीवर ध्यान ठेवायला. म्हणजे जाळीच्या बाहेर, पण अगदी तोंडाशी. संयोगिता म्हणाली, "उरलेल्या जाळीची तुमास्नी एक मच्छरदाणी शिवून देतो."

"मला कशाला?" जोतीराम म्हणाला. "डास चावून माझं दूध आटतंय व्हय?"

आणि मिशा डोळ्यांना भिडवून हसला. उरलेली जाळी त्यानं रेडकाच्या कोपऱ्याला दुहेरी करून लावली. चंद्रीनं शेपटी आपटायचं थांबवलं, दूध पहिल्यासारखं झालं, आणि आपण केलेल्या कामावर खूश होऊन जोतीराम उघड्या खाटेवर घोरत पडू लागला.

नवरात्राच्या तोंडावर त्याला ताप भरला. पुरानंतर गावात ताप घरोघरी होताच, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. गोळी खाऊन तो कट्ट्यावर गेला आणि डोकं दाबून धरत परत आला. पुढचे दोन दिवस उजेड नको म्हणून तोंडावर टॉवेल टाकून पडून राहिला. मग एका दुपारी उठला, गोठ्याच्या दारात गेला आणि चंद्रीला म्हणाला, "अनुजा, कवा आलीस?"

संयोगिता हसली. त्याची थट्टा कुठं संपते आणि खरं कुठं सुरू होतं हे तिलाही नेहमीच कळायचं असं नाही. पण तो हसला नाही. तिच्याकडं वळून बघत राहिला, ही बाई कोण ते कुणीतरी सांगेल म्हणून थांबल्यासारखा. मग त्याचे हात आखडले, डोळे वर गेले आणि तो अंगणात आडवा झाला. तोंडाला फेस आला. धैर्यशील घरात होता म्हणून बरं. त्यानं शेजारची जीप आणली. आपण त्या वेळी हसलो होतो, हे संयोगितानं पुढं कुणालाही सांगितलं नाही.

सरकारी दवाखान्यात त्याला नळ्या लावून ठेवलं. तो शुद्धीवर येईना. पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं, रक्त काढलं, ते तपासायला पुण्याला पाठवलं. मेंदूच्या डॉक्टर होत्या नंदिनीबाई. वयानं संयोगिताच्या धाकट्या बहिणीएवढ्या, पण बोलायला सरळ. तपासणीचा निकाल आल्यावर त्यांनी संयोगिताला आणि धैर्यशीलला समोर बसवून सांगितलं, की हा जपानी मेंदूज्वर आहे.

"जपानी?" संयोगिता म्हणाली. "बाई, ह्ये पुण्याच्या पल्याड कवा गेलं न्हाईत."

"नाव तिकडचं आहे, रोग इकडंही असतो. तुमच्या घराजवळ भाताची खाचरं आहेत?"

"दाराम्होरंच."

"बगळे येतात? आसपास डुकरं?"

बगळे यायचे, पुष्कळ यायचे. डुकरं गावाच्या खालच्या अंगाला हिंडायची. पण माणूस असा निपचित पडलेला असताना ही बाई बगळे काय विचारते, हे संयोगिताला कळेना. मग डॉक्टरांनी समजावलं. हा विषाणू खरा राहतो तो पाणपक्ष्यांत आणि डुकरांत. खाचरातल्या साचलेल्या पाण्यावर वाढणारा डास त्यांना चावतो आणि विषाणू उचलतो. मग तोच डास माणसाला चावला, की माणूस फुकटचा मध्ये सापडतो.

"आनि त्यो मेंदवात कसा जातोय?" धैर्यशीलनं विचारलं. "डास चावतोय हाताला, पायाला."

"आधी रक्तात वाढतो. बहुतेकांच्या अंगात तिथंच त्याचा निकाल लागतो, साधा तापही येत नाही. पण एखाद्याच्या बाबतीत तो रक्तातून मेंदूत शिरतो. मेंदूच्या रक्तवाहिन्यांना एक राखण असते, भलतंसलतं आत जाऊ नये म्हणून. ती ओलांडतो. आणि मग मज्जापेशींत घुसतो. मज्जापेशी म्हणजे ज्यांच्या जोरावर आपण बोलतो, चालतो, आठवतो त्या. विषाणूला स्वतःचं काही करता येत नाही हो. तो दुसऱ्याच्या घरात शिरतो, त्याचीच चूल पेटवतो, त्याचंच पीठ मळतो आणि स्वतःची पिलावळ वाढवतो. घरातलं सगळं संपलं की ते घर मरतं आणि पिलावळ शेजारच्या घरात."

"औशिद?"

"याला मारणारं औषध अजून नाही. शरीर लढतं, आम्ही तोवर त्याला टिकवून धरतो. आणि लढण्यातही नुकसान होतं. चोर शिरला म्हणून गाव काठ्या घेऊन आत घुसलं, की घरातली भांडीही फुटतात. मेंदूला सूज येते. ती सूज धड असलेल्या पेशींनाही मारते."

 संयोगिताच्या डोक्यात दुसरंच काही चाललं होतं. तिनं गोठ्याच्या जाळीचं सांगितलं. चंद्री, रेडकू, दाराचा पडदा, दाराबाहेरची खाट, सगळं.

डॉक्टर ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "या डासांना माणसापेक्षा गुरांचं रक्त आवडतं. गोठ्याकडं ओढीनं येतात. आणि गुरं मिळाली नाहीत..." तिथं त्या थांबल्या. "पण ताई, कुठला डास कुठं चावला हे जगात कुणी सांगू शकत नाही. बांधावर चावला असेल, पुलावर चावला असेल. जाळी लावली म्हणूनच झालं, असं मी म्हणणार नाही आणि तुम्हीही म्हणू नका."

पण जे म्हणायचं नाही तेच माणसाच्या मनात घर करतं. संयोगिताला राग आला, आणि तो जोतीरामचा आला. भेटायच्या वेळेला ती त्याच्या खाटेशी गेली, वाकली, आणि त्या नळ्या लावलेल्या, डोळे मिटलेल्या माणसाच्या कानात म्हणाली, "म्हशीला म्हाल आनि सोता उघड्यावर! लई शाना हाईस!" लग्न झाल्यापासून ती त्याला पहिल्यांदाच अरे-तुरे बोलली. मग तिथंच त्याच्या उशाशी कपाळ टेकून रडली.

पाडव्याचे फटाके दवाखान्यात ऐकू आले. त्यानंतर काही दिवसांनी त्यानं डोळे उघडले. गावात पेढे वाटायची तयारी झाली. पण घरी आला तो जोतीराम गेलेल्या जोतीरामसारखा नव्हता. पावलं घासटत टाकायचा. उजवा हात कोपरात दुमडलेला, बोटं थरथरायची. बोलायला जायचा तर ओठ हलायचे, बराच वेळ काही यायचं नाही, आणि मग कुजबुजल्यासारखा एखादाच शब्द. या सगळ्याची माणसाला सवय होते. सवय होईना ती चेहऱ्याची. तो चेहरा लिंपलेल्या भिंतीसारखा झाला होता. राग नाही, लोभ नाही, कंटाळासुद्धा नाही. पापण्या क्वचित लवायच्या. मिशा होत्या तिथंच होत्या, पण त्या नुसत्या मिशा होत्या.

अनुजा धावत आली. बापाच्या गुडघ्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. जोतीराम तिच्याकडं बघत होता. त्याचे ओठ हलू लागले तेव्हा ती आशेनं वर बघायला लागली. खूप वेळानं तो म्हणाला, "पाणी." पोरगी पाणी आणायला म्हणून आत गेली ती लवकर बाहेर आलीच नाही.

पुढच्या तपासणीला संयोगितानं डॉक्टरांना एकच विचारलं. "बाई, ह्ये आत हाईत का?"

डॉक्टरांनी मेंदूचा फोटो उजेडावर धरला. मधोमध दोन डाग होते. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं, कातडीला लागलेलं, सगळं वर जाताना इथून जातं, त्या म्हणाल्या, आणि या विषाणूला नेमकी हीच जागा आवडते. त्याच्या खाली आणखी काही पेशी असतात, हालचालीला वळण देणाऱ्या. आपण हसायचं ठरवून हसत नाही. आनंद आत होतो आणि तोंड आपोआप फुलतं. ते आपोआप होणं ज्या पेशींच्या हातात होतं त्यातल्या पुष्कळ मेल्या आहेत. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. शेजारच्या पेशी कधी कधी ते काम थोडंथोडं शिकतात, म्हणून व्यायाम सोडायचा नाही, बोलणं सोडायचं नाही.

"पण आत..."

"आत आनंद होतोय आणि तोंडापर्यंत पोचत नाहीये, की आतच होत नाहीये, हे मला चेहऱ्यावरून सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "दोन्ही असू शकतं. खोटं कशाला सांगू?"

त्या दिवसापासून संयोगिताला एकच हवं होतं. त्यानं धारा काढाव्यात, कट्ट्यावर जावं, असलं काही तिनं देवाकडं मागितलं नाही. आत जोतीराम आहे याची एक खूण मिळावी, एवढंच. ती त्याला भरवताना त्याच्या तोंडाकडं बघायची. बोटांचा व्यायाम घेताना मुद्दाम जुने विनोद सांगायची, आणि तिला विनोद सांगता येत नसत. एकदा तर भाजीत मीठ दुप्पट घातलं, निदान तोंड वाकडं करतो का बघायला. त्यानं ताटातलं सगळं खाल्लं. मग तिनंही तेच खाल्लं, स्वतःला शिक्षा म्हणून.

गोठा तिच्यावरच येऊन पडला होता. सुरुवातीला चंद्रीनं तिला छळलं. कासेला हात लावला की दूध वर चढवायची, लाथ झाडायची. संयोगितानं रेडकू पुढं बांधून बघितलं, पेंड चारून बघितली, शिव्या देऊन बघितल्या. शेवटी तिच्या पाठीला टेकून नुसती बसायला लागली आणि आपल्या घरातलं सगळं तिला सांगायला लागली, कारण ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. त्यातच कधीतरी चंद्री पान्हावली. जोतीरामसारखी हाक मारायच्या भानगडीत संयोगिता पडली नाही. ती आपली साधी बोलवायची, पोरीला बोलवावं तशी, "ये गं बाय." उन्हाळ्यात ती स्वतःच चंद्रीला घेऊन पूल ओलांडून कट्ट्यावर जायला लागली. कट्ट्यावर बाई बघून चार माणसं कुजबुजली, पण जुनी गिऱ्हाइकं आली. दूध तेच होतं. ग्लास धरून गिऱ्हाइकं जोतीरामची चौकशी करायची आणि मग मुकाट पिऊन जायची.

घरी जोतीराम अंगणात खुर्चीवर बसलेला असायचा. कट्ट्यावरून आली की ती चंद्रीला त्याच्यासमोर उभी करायची. चंद्री त्याचा हात हुंगायची. तो तिच्याकडं कुंपणाकडं बघावं तसा बघायचा.

एक दिवस बाळासो आला. म्हशींचा व्यापारी, तोंडाचा फटकळ, मनानं वाईट नव्हे. चंद्रीवर त्याचा कधीपासून डोळा होता. जोतीरामच्या खुर्चीसमोरच उभा राहून तो म्हणाला, "वैनी, राग मानू नका. गाडी हाय, पर डायवर न्हाय. तुमी किती दिस वडनार? म्हस माझ्या दावनीला द्या."

"डायवर हितं बसलाय," संयोगिता म्हणाली. "त्यास्नी इचारा."

बाळासोनं जोतीरामकडं बघितलं. जोतीरामनं बाळासोकडं बघितलं. बाळासो खाकरला, टोपी सारखी केली आणि गेला. संयोगितानं तो दिवस आपण जिंकलो असं धरलं, पण नवऱ्याच्या तोंडावरची रेष हलली नव्हती हे तिनं बघितलं होतं.

परत दिवाळी आली. पाडव्याला चंद्रीला घाटावर न्यायचं आणि जोतीरामला मोटारसायकलवर मागं बसवायचं, असं तिनं ठरवलं तेव्हा धैर्यशील हादरला.

"वैनी, दादाला त्या गर्दीत? पडला बिडला तर?"

"पडायचं न्हाईत. तुमच्या कमरंला बांधू. भावजी, माझं ऐका. सगळ्या म्हशी पळताना बघून, त्यो आवाज ऐकून हाक आली तर? ती काय तोंडातनं येत नव्हती त्यांची. आतनं येत हुती."

डॉक्टरांनीही सांगितलं होतं, जुन्या सवयीचं काही कानावर पडलं की कधी कधी माणूस त्याला ओ देतो. कधी कधी, असं त्या म्हणाल्या होत्या. संयोगितानं ते दोन शब्द सोयीनं गाळले.

पंचगंगेचा घाट सकाळपासून फुललेला. तिनं चंद्रीला धुतलं, शिंगांना तांबडा रंग दिला, मोरपिसं बांधली. जोतीरामला धुतलेलं धोतर, फेटा. फेटा धैर्यशीलनं बांधला. त्या फेट्याखाली तो चेहरा आणखीच परका वाटायला लागला. ओळखीची माणसं जवळ आली, रामराम घालून लगेच बाजूला झाली. धैर्यशीलनं उपरण्यानं भावाला कमरेशी बांधून घेतलं, गाडी सुरू केली आणि रेटली. आवाजानं घाट दणाणला. संयोगितानं चंद्रीचं दावं सोडलं आणि ती मागं सरली.

"दादा, मार हाक!" धैर्यशील ओरडला.

जोतीरामचं तोंड उघडलं. मानेच्या शिरा ताठल्या. नुसती हवा बाहेर आली. त्यानं परत तोंड उघडलं. जवळ उभ्या असलेल्यांना घरघर ऐकू आली, गाडीच्या आवाजात तीही बुडाली. चंद्री कान हलवत उभी. एकदा गाडीकडं वळली, एकदा नदीकडं. कुणाचीतरी दुसरी म्हैस तिला घासून सुसाट गेली. तेवढ्यात मागं फटाक्यांची माळ लागली आणि चंद्री बिथरली. शिंगं खाली घालून ती सरळ पायऱ्यांच्या दिशेनं निघाली, जिथं बायका-पोरं बसली होती. एकच कालवा झाला.

"चंद्रे!" संयोगिता जिवाच्या आकांतानं ओरडली. "ये गं बाय! हिकडं, हिकडं ये!"

चंद्री जागच्या जागी वळली. गर्दी फाटली. मोरपिसं उडवत ती धावत सुटली, धैर्यशीलच्या गाडीजवळून, फेटा बांधलेल्या जोतीरामला मागं टाकून, थेट संयोगितापाशी आली आणि तिच्या छातीला तोंड लावून धापा टाकत उभी राहिली.

घाटावर शिट्ट्यांचा नुसता पाऊस. बायकांनी टाळ्या पिटल्या. "वैनीची म्हस! वैनीची म्हस!" असा गजर झाला. असली दाद जोतीरामच्या भर उमेदीतही चंद्रीला मिळाली नव्हती. कुणीतरी संयोगितावर गुलाल टाकला. आणि गुलालात उभ्या संयोगिताला एकदम कळलं, की आपण चारचौघांसमोर नवऱ्याच्या हातातून काय काढून घेतलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चंद्रीला शेजारणीच्या हातात देऊन ती गर्दीतून वाट काढत गाडीपाशी गेली.

धैर्यशीलनं गाडी बंद केली होती. जोतीराम तसाच बसून होता, भावाच्या कमरेला बांधलेला. हनुवटीवर लाळ आली होती, ती तिनं पदरानं पुसली. फेटा सारखा केला. चेहरा सकाळी होता तसाच.

"पाणी देऊ?" तिनं विचारलं.

त्याचे ओठ हलायला लागले. ती थांबली. या थांबण्याची तिला आता सवय झाली होती. मागं दुसऱ्या गाड्या दणाणत गेल्या, दुसऱ्या म्हशी पळाल्या, लोक दुसऱ्या कुणाच्या तरी नावानं ओरडू लागले.

"लाज," जोतीराम म्हणाला.

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिनं कान त्याच्या तोंडाशी नेला.

"लाज... वाटली."

"कुनाला?" तिनं विचारलं.

पुन्हा ओठ हलले, पुन्हा बराच वेळ गेला.

"मला."

त्याच्या तोंडावर काही नव्हतं. डोळ्यांत पाणी नव्हतं, भुवई हलली नव्हती. परक्या माणसानं लांबून बघितलं असतं तर त्याला वाटलं असतं, हा माणूस उन्हात बसून कंटाळला आहे. पण लाज वाटायला आत माणूस लागतो. आपली म्हैस कोणती, आपली हाक कशी होती, बघणारे कोण आहेत आणि आज काय गेलं, हे सगळं ज्याला कळतं असा माणूस लागतो.

संयोगिताला आनंद झाला. इतका झाला की ती तिथंच, गाडीच्या तापलेल्या चाकाशी, खाली बसली. नवऱ्याची भर घाटावर मान खाली गेली म्हणून आनंदानं रडणारी बाई त्या घाटानं याआधी पाहिली नसेल. धैर्यशील घाबरून "वैनी, काय झालं? वैनी!" करत होता. तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिनं जोतीरामचा दुमडलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरला, त्याची थरथरणारी बोटं आपल्या गालाला लावली.

"वाटू द्या," ती म्हणाली. "लई वाटू द्या की वो. मी हाय हितंच."